विहिरीचें पाणी आणि त्याच्या वेगाचें गणित

दोन शेतकरी बांधावर भेटले म्हणजे "विहिरीला पाणी किती आहे?" असें एकमेकांस विचारतात. "पांच परस आहे", "दोन परस उरलें" असें उत्तर मिळतें आणि दोघेही आपापल्या वाटेनें जातात. हा प्रश्न वाईट नाहीं, पण अपुरा आहे. पाणी कोणत्या वेगानें उतरत आहे, आणि तो वेग स्वतः वाढत आहे कीं घटत आहे, हे दोन प्रश्न त्याच्या पाठोपाठ विचारले गेले पाहिजेत. ते विचारण्याचें जें शास्त्र त्यास कलनशास्त्र म्हणतात. नांव ऐकून वाचकांनीं पान उलटूं नये. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मराठी सातवीपुरतें असून सारी उमर महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. मला जें समजलें तें बागाईत सांभाळणाऱ्या बंधूंस समजणार नाहीं, असें मानण्यास कारण नाहीं.

आमच्या कचेरींत गांववार वसूलबाकीचें पत्रक तयार होत असे. नव्या कारकुनाची नजर प्रथम बाकीच्या रकान्याकडे जाई व ज्या गांवाची बाकी मोठी त्याच्यावर त्याची लेखणी रोखली जाई. जुने अव्वल कारकून मात्र मागील महिन्याचें पत्रक शेजारीं ठेवून वाचीत. बाकी मोठी पण दरमहा कमी होत आहे, तेथें काळजी नाहीं. बाकी लहान पण दरमहा वाढते आहे, आणि गेल्या महिन्यापेक्षां या महिन्यांत जास्त वाढली आहे, त्या गांवच्या तलाठ्यास बोलावणें जाई. विकलन तें हेंच. बदलत्या राशीच्या बदलाचा वेग काढणें म्हणजे विकलन, आणि तसले लहान लहान बदल जोडून पूर्ण राशि पुन्हां उभी करणें म्हणजे संकलन. पहिल्यांत वजाबाकी व भागाकार आहे, दुसऱ्यांत गुणाकार व बेरीज. सूक्ष्मता एवढीच कीं, काळाचा तुकडा जितका लहान घ्यावा तितका त्या वेळचा वेग खरा निघतो.

ही कल्पना सर्वस्वीं परकी आहे असेंही नाहीं. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० सालीं, सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ रचला. कालचें व आजचें स्थान यांची वजाबाकी करून चंद्राची गति काढली तर ती दिवसाची सरासरी येते. परंतु चंद्राचा वेग दिवसांतल्या दिवसांत बदलतो, म्हणून त्या क्षणाची गति काढावी लागते. तीस त्यांनीं तात्कालिक गति म्हटलें आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापन केला, व त्याचा शके ११२८ चा शिलालेख तेथें सांपडला आहे. न्यूटन व लायब्निट्झ यांनीं सतराव्या शतकांत या विचाराचें संपूर्ण शास्त्र बनविलें, हा मान त्यांचाच. पण पहिली पायवाट आपल्या खानदेशांतून गेली आहे, हें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

आतां विहिरीकडे येतों. आमचें गांव जालना जिल्ह्यांत आहे. मळ्यांतली विहीर ५२ फूट खोल. २००७ सालापासून मी दोन दिवशीं, कोजागरीस व मकरसंक्रांतीस, सकाळीं मोटार सुरू होण्यापूर्वीं दोरीस वजन बांधून कांठापासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजीत आलों व तें एका वहींत लिहीत आलों. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षांतून चार वेळां मोजते. मीं तिची नक्कल आपल्या सोयीनें दोन वेळांवर आणली. कोजागरी मागेंपुढें होते, म्हणून उतार नुसता फुटांत न पाहतां मधल्या दिवसांनीं भागावा लागतो. सुताराच्या मापानें इंचाचे आठ सूत धरले तर दररोजचा उतार असा निघतो: २००७ सालीं ७ सूत, २००८ सालीं ८, २००९ सालीं ९, २०१० सालीं १० आणि २०११ सालीं १२.

हे आंकडे आज या क्रमानें लिहितांना त्यांचा अर्थ पोरासही कळेल. परंतु हा भागाकार मीं त्या वेळीं केलाच नव्हता. वहींत फक्त अंतरें होतीं. २०१० सालीं पाऊस उत्तम झाला. कोजागरीस पाणी कांठापासून अवघें ८ फुटांवर आलें, इतकें वर तें पूर्वीं कधीं आलें नव्हतें. घरांत आनंद झाला. थोरल्या बंधूंनीं १९९९ सालीं लावलेली दोन एकर मोसंबी होती, तिच्या जोडीस २०११ सालीं आणखी एक एकर लावावी असें ठरलें. होय म्हणणारांत मी होतों, आणि वही माझ्याच कपाटांत होती. विहीर तुडुंब असतांना तिच्या उताराचा वेग २००७ च्या जवळजवळ दीडपट झालेला आहे, हें त्या वहींत लिहिलेलें असून कोणीं वाचलें नाहीं. मुद्दल भरपूर दिसत होतें. खर्चाची चाल कोणीं पाहिली नाहीं.

२०१२ सालीं पावसानें दगा दिला. कोजागरीस पाणी २७ फुटांवर, म्हणजे विहिरींत २५ फूट शिल्लक. बंधूंनीं हिशेब केला: गेल्या वर्षीं रोज दीड इंच उतरत होतें, २५ फुटांचे ३०० इंच, म्हणजे दोनशें दिवस, मेच्या मध्यापर्यंत पोंचूं, पुढचे तीन आठवडे टँकर घेऊं. वजाबाकी-भागाकार बरोबर होता. चूक अशी कीं, वेग स्थिर राहील असें त्यांत गृहीत होतें. पांच वर्षें जो वेग प्रत्येक वर्षीं वाढत आला तो सहाव्या वर्षीं, आणि तेंही अवर्षणांत, थांबेल कसा? त्या वर्षीं संक्रांतीपर्यंतचा उतार रोज १९ सूत निघाला, पुढें तो तीन इंचांवर गेला, आणि महाशिवरात्रीच्या पंधरा दिवस आधीं मोटारीनें हवा ओढली. दोनशें दिवसांचें पाणी एकशें सतरा दिवसांत संपलें. टँकरवर दोन महिने काढले. नंतर टँकरही मिळेना. त्या उन्हाळ्यांत जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा ठिकठिकाणीं वाळल्या, त्यांत आमचीं चौदा वर्षांचीं अडीचशें झाडें होतीं. जूनच्या पहिल्या पावसानंतर तीं मुळासकट काढून जळणाच्या गाड्या भरल्या. बंधू त्या दिवशीं शेतावर आले नाहींत.

वेगाचा वेग म्हणतात तो हा. पाण्याची खोली ही पहिली राशि, तिचा रोजचा उतार ही दुसरी, आणि त्या उतारांत वर्षावर्षाला पडणारी भर ही तिसरी. ७, ८, ९, १० यांत भर एकेका सुताची होती. १२ वर ती दोन झाली. १९ वर सात. तिसरी राशि शून्य असेल तर नुसत्या भागाकारानें भविष्य कळतें. ती वाढती असेल तर भागाकार नेहमीं खोटा दिलासा देतो.

ही भर कां पडते, हें विचारलें पाहिजे. मोटारी वाढतात हें उघड कारण आहे. दुसरें कारण जमिनीच्या पोटांत आहे आणि तें फारसें बोललें जात नाहीं. महाराष्ट्राचा सुमारें चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्याच्या वरच्या कुजलेल्या थरांत, आपण ज्यास मुरूम म्हणतों त्यांत, पाण्यास जागा बरी असते. खालीं खडक घट्ट होत जातो व भेगा विरळ होतात. म्हणून उपसा तितकाच ठेवला तरी पाणी जसजसें खालच्या थरांत जातें तसतसा त्याच उपशानें अधिक फुटांचा उतार पडतो. रांजणाचें तोंड रुंद व बूड निमुळतें असावें तसा हा प्रकार आहे. वरचा अर्धा रांजण आठ दिवस पुरला म्हणून खालचाही आठ दिवस पुरेल, असें कोणी गृहिणी म्हणणार नाहीं.

लीलावतींत एक उदाहरण आहे. चार झरे एका वापींत पडतात. एकटा पहिला ती एका दिवसांत भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा तृतीयांश व चौथा षष्ठांश दिवसांत. चारही एकदम सोडले तर किती वेळांत भरेल? उत्तर दिवसाचा बारावा भाग. हें गणित वेगांच्या बेरजेचें आहे व त्यांत झऱ्यांचा वेग कायम धरला आहे. आपल्या विहिरीचा झरा मात्र तसा नसतो. मोटार बंद केल्यावर प्रथम पाणी भराभर चढतें व वर येईल तसतशी चढण मंदावते, हें प्रत्येकानें पाहिलें आहे. बाहेरच्या पाण्याची पातळी व विहिरींतली पातळी यांत जितकें अंतर उरलें असेल त्या प्रमाणांत झऱ्याचा जोर असतो. वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणांत असला म्हणजे कलनशास्त्र सांगतें कीं, अर्धें अंतर भरण्यास जो वेळ लागला तितकाच वेळ उरलेल्याचें अर्धें भरण्यास लागतो, व पुढेंही तसेंच. आमच्या विहिरीस १० फूट उपशानंतर २०१७ च्या डिसेंबरांत पहिले ५ फूट भरण्यास तीन तास लागत. पुढच्या तीन तासांत अडीच फूट, त्यापुढच्या तिनांत सव्वा.

याचा उपयोग असा. २०२३ सालीं पाऊस पुन्हां कमी झाला आणि डिसेंबरांत हेच पहिले ५ फूट भरण्यास पांच तास लागले. बारा तासांची रात्र धरली तर तीन तासांच्या हिशेबानें सकाळीं १० पैकीं सुमारें साडेनऊ फूट भरलेलें दिसतें, आणि पांच तासांच्या हिशेबानें आठ फुटांच्या किंचित् वर. सकाळीं कांठावर उभें राहून पाहणाऱ्यास फरक सव्वा फुटाचाच वाटतो व विहीर ठीक आहे असें तो घरीं सांगतो. परंतु झऱ्याचें बळ तीन पंचमांशावर आलेलें असतें. म्हणून विहिरीची प्रकृति सकाळीं पाहूं नये. मोटार बंद केल्यावर घड्याळ लावून पहिल्या काहीं तासांत पाहावी. यास एक दोरी व एक दुपार पुरते.

पावसाचेंही असेंच आहे. कचेरींत पर्जन्यमापकाची नोंद माझ्याकडे कांहीं वर्षें होती. मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांवर पाऊस झाला कीं अतिवृष्टि असें आम्हीं लिहीत असूं. पर्जन्यमापक हें संकलनाचें यंत्र आहे. तें एकूण सांगतें, वेग सांगत नाहीं. आणि मुरणें हें वेगावर अवलंबून आहे. भिजलेली काळी जमीन तासाला थोडेच मिलिमीटर पाणी घेते. उदाहरणापुरते पांच धरूं. तेच ६५ मिलिमीटर तेरा तासांत रिपरिप पडले तर सर्व मुरतात. दोन तासांत कोसळले तर १० मुरतात व ५५ ओढ्याला जातात. पत्रकांत दोन्हीकडे ६५ हाच आंकडा. बांधबंदिस्ती, सलग समपातळी चर, नालाबांध हीं सारीं कामें पाऊस वाढवीत नाहींत. पाण्याच्या धावेचा वेग कमी करून जमिनीस वेळ मिळवून देतात. एवढेंच त्यांचें काम आहे, आणि तें थोडें नाहीं.

आतां संकलन, म्हणजे जमाखर्च. उण्या वर्षाचा पाऊस २० इंच धरा. काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत त्यांतला सुमारें दहावा हिस्सा खोल मुरून भूजलास मिळतो, म्हणजे २ इंच. त्या खडकाच्या शंभर भागांत उपसण्याजोगी जागा सरासरीनें दोन भागांचीच असते. म्हणून २ इंच पाण्यानें भूजलाची पातळी १०० इंच, म्हणजे आठ फुटांच्या वर चढते. पावसाळ्यानंतर विहिरी इतक्या चढलेल्या दिसतात व आपण भुलतों तें यामुळें. आठ फूट दिसतात, पण पाणी दोन इंच असतें.

एका एकर उसास वर्षांत सुमारें ८० इंच पाणी लागतें. पावसाचे २० इंच सर्व कामीं आले असें उदारपणें धरलें तरी ६० इंच विहिरीनें द्यावयाचे. दर एकरीं जमा २ इंच. म्हणजे एक एकर ऊस तीस एकरांची जमा पितो. पाटपाण्यांतलें कांहीं परत मुरतें, त्याची सूट द्या; तीसाचे पंचवीस करा. तरी राहिलेल्या चोवीस एकरांचें पाणी कोणाचें? पाण्यास सातबारा नाहीं, म्हणून हा प्रश्न कधीं कोणा तलाठ्यापुढें आला नाहीं. कालव्याच्या पाण्यावरील उसाबद्दल हें म्हणणें नाहीं. तो हिशेब वेगळा आहे. तोही तपासावा लागतोच, हें लातूरकरांस सांगावयास नको. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून पाण्याच्या आगगाड्या त्या शहरास न्याव्या लागल्या.

असा जमाखर्च गांवानें मिळून मांडल्याचें उदाहरण आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. हिवरे बाजार हें अल्प पावसाचें गांव. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें तेथें डोंगरउतारावर चर खोदले, वृक्षतोड व मोकाट चराई बंद केली, आणि शेतीसाठीं विंधनविहिरी घेण्यास व ऊस लावण्यास गांवानेंच मनाई केली. पावसाळा संपला कीं पाऊस किती झाला व त्यावरून पाणी किती, याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडतात आणि पिण्याचें व गुरांचें पाणी बाजूला काढून उरलेल्यांत कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरवितात. पाऊस कमी तर पीक कमी. यांत यंत्र नाहीं कीं गूढ नाहीं. मात्र शेजाऱ्याची मोटार व आपली मोटार एकाच वहींत लिहावी लागते, आणि तेंच सर्वांत कठिण आहे, हें मी तीस वर्षें गांवांचीं दप्तरें पाहून सांगतों.

हें सर्व आतां लिहिण्यास निमित्त घरचेंच झालें. बंधूंचा मुलगा शेती पाहतो. बारावीपर्यंत शास्त्रशाखेस होता. विकलन-संकलन हे शब्द मला त्याच्याच जुन्या पुस्तकांतून मिळाले. तीन एकर मोसंबी पुन्हां लावावी व तीस आधार म्हणून सहाशें फुटांची बोअर घ्यावी असें त्याच्या मनांत आलें.

"काका, शेजारीं सहाशें फुटांवर पाणी लागलें आहे," तो म्हणाला.

"लागलें तें खरें. दर सालीं तें किती परत भरतें, तें सांग."

"तें कोण सांगणार?"

"मग तें उत्पन्न नव्हे, ठेव आहे. ठेवीवर बाग लावावयाची काय?"

तो गप्प राहिला. इतक्या खोल भेगांत पाऊस पोंचण्यास फार काळ लागतो, ही गोष्ट त्यास ठाऊक होती. कायदाही त्याच्या बाजूचा नाहीं. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानें ६० मीटर, म्हणजे सुमारें दोनशें फूट, किंवा त्याहून खोल विहिरीस खोल विहीर म्हणून वेगळें काढलें आहे. पण तरुण मनुष्यास कायदा दाखवून कोणी ऐकत नाहीं, हें कचेरीबाहेर आल्यावर मला समजलें आहे. मीं वही त्याच्यापुढें ठेवली आणि हिशेब त्यालाच करावयास सांगितला.

त्यानें केला. फळधारी मोसंबीस वर्षास सुमारें ४० इंच पाणी धरावें. ठिबकानें वाया जाणारें वांचतें, झाडाची तहान वांचत नाहीं. पावसाचे २० वजा जातां २० इंच विहिरीचे. म्हणजे एका एकरास दहा एकरांची जमा. आमचें सर्व क्षेत्र १४ एकर. तीन एकर बागेस ३० एकरांची जमा पाहिजे. एक एकर लावली तर दहा एकरांची जमा जाऊन चारांची उरते, तींत घर, गुरें व रब्बीस एखादें पाणी. नंतर त्यानें उताराचे अलीकडचे आंकडे दिवसांनीं भागून काढले: २०२० सालीं १३ सूत, २०२१ व २०२२ सालीं १२, २०२३ सालीं १५, २०२४ सालीं पुन्हां १२. पूर्वींसारखा वेग दर सालीं चढत नाहीं, ही समाधानाची गोष्ट. ओढ्याच्या बांधांचा व ठिबकाचा हा गुण असावा. पण २०११ सालीं ज्या १२ सुतांनीं आम्हीं फसलों त्या १२ वरच तो अजून उभा आहे, तिकडे त्यानेंच बोट दाखविलें.

एक एकर ठरली. राहिलेल्या दोन एकरांत तूर व शाळू. बोअरचा विषय त्यानें सोडला आहे असें मी म्हणत नाहीं. तो पुढच्या तीन संक्रांतींच्या मोजणीपर्यंत तहकूब आहे. बंधूंनीं या सर्व बोलण्यांत भाग घेतला नाहीं, पण रोपें आणावयास पैठणच्या वाटेनें तेच बरोबर गेले. विहिरींत दोरी आतां पुतण्या सोडतो. मी कांठावर बसून आंकडा लिहितों, आणि भागाकार तो तेथल्या तेथें करतो.